पन्नास सालचं, पण झिजलेलं

मी सध्या ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात राहते आणि तिथल्याच एका सरकारी खात्यात माहितीचे तक्ते सांभाळते. नोकरी चांगली आहे, पण तिच्यावर लिहायला बसले तर दोन परिच्छेदांत संपेल. म्हणून संपादकांनी कामाचे अनुभव मागितले तेव्हा मी बिचकतच विचारलं, की शिकत असताना केलेली अर्धवेळ नोकरी चालेल का?

"कुठली?"

"नाण्यांच्या दुकानातली."

मग ते म्हणाले, "म्हणजे नाणी विकत घेतं कोण?"

पहिल्या दिवशी हाच प्रश्न मलाही पडला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत माझं दुसरं वर्ष चालू असताना कोविड आला. मी ज्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासत होते ते बंद झालं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिलीच. काम गेलं हे घरी कसं सांगायचं या विचारात रस्त्याने चालले होते, तर एका छोट्या दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद दिसला. 'अर्धवेळ मदतनीस हवा. शांत हात हवेत.' मला नाण्यांतलं काही कळत नव्हतं, पण हात शांत होते.

दुकानाचे मालक लेन. सत्तरीला आलेले, पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात आयुष्य गेलेलं, छाती कमजोर झालेली. मी त्यांना सवयीने "सर" म्हटलं, तर त्यांनी मागे वळून बघितलं.

"इथे सर कोण आहे? मी लेन. तुझं नाव?"

"ज्योत्स्ना."

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा इथल्या दोस्तीच्या भाषेत म्हणाले, "ज्यो चालेल का, मेट?"

चाललं. पुढची अडीच वर्षं मी ज्यो होते.

लोक पैशाला हात लावायला घाबरत होते, दुकानांवर 'फक्त कार्ड' अशा पाट्या लागल्या होत्या, आणि मला रोज सकाळी नाण्यांना हात लावायला जायचं होतं. लेननी मला तीन गोष्टी शिकवल्या. नाणं कडेने धरायचं, चेहऱ्यावर बोट ठेवायचं नाही. बघताना खाली मऊ कापड हवं. तिसरी त्यांनी दोनदा सांगितली: नाणं कधीही धुवायचं नाही. कितीही काळं दिसलं तरी नाही.

तिसरी गोष्ट मला जडच गेली. माझे वडील नाशिकला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. पितळेच्या समईवर बफ मारून तिच्यात तोंड दिसेपर्यंत ते तिला खाली ठेवत नसत. आमच्याकडे धातू काळवंडलेला राहणं ही लाजेची गोष्ट. त्या दुकानात लोक काळवंडलेल्या नाण्यांकडे कौतुकाने बघायचे आणि चकचकीत नाणं दिसलं की शंका घ्यायचे.

आता, नाणी घेतं कोण? सगळ्या प्रकारची माणसं घेतात. एका माणसाने दोन्ही बाजूंना राणीचं तोंड असलेलं नाणं आणलं होतं. ही टांकसाळीची चूक, असा त्याचा दावा. लेननी भिंगाखाली कडेचा जोड दाखवला आणि म्हणाले, "कुणा फिटरने दोन नाणी कातून एक केलंय. पण काय सुरेख काम केलंय रे!" तो हिरमुसून निघाला, तर लेन त्याच्यामागे दारापर्यंत त्या फिटरचं कौतुक करत गेले. मॅसिडोनियाहून आलेले एक आजोबा होते. ते या देशात उतरले त्या वर्षीचं नाणं त्यांना हवं होतं. नवंकोरं दाखवलं तर म्हणाले, "मी उतरलो तेव्हा असा दिसत नव्हतो." आम्ही झिजलेलं शोधून दिलं. दुसऱ्या आठवड्यात ते मिरच्यांच्या लोणच्याची बरणी ठेवून गेले.

पण बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे सालं गोळा करणारी माणसं. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक असतं. त्यात नाण्याच्या आकाराची भोकं आणि प्रत्येक भोकाखाली छापलेलं साल. मिळेल तसं नाणं भोकात दाबून बसवायचं. सुरुवातीला भोकं भराभर भरतात, मग एकेका भोकासाठी वर्षं जातात. माणसं त्या रिकाम्या भोकाबद्दल घरातल्या परदेशी गेलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलतात.

दोन हजार एकवीसच्या मोठ्या लॉकडाऊनमध्ये दुकानाचं दार बंद झालं. फोनवर ऑर्डर, दारात पिशवी, एवढंच. तेव्हा डॉट आल्या. पंचाहत्तरीच्या, बारीक, मास्कच्या वर चष्मा वाफेने धुरकटलेला. दाराबाहेर उभं राहून त्यांनी निळं पुस्तक माझ्यापुढे उघडं धरलं. ते त्यांच्या नवऱ्याचं होतं, वॉलचं.

वॉल तरुणपणी मालवाहू जहाजांवर होते. अमेरिकेच्या बंदरांवर उतरले की खिशात तिथली सुटी नाणी जमायची. अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला निकेल म्हणतात. इथल्या पाच सेंटपेक्षा थोडं मोठं. पुढे तिथल्या एका राष्ट्राध्यक्षाचा चेहरा, मागे त्याचं घर. नावाला निकेल, पण चारात तीन भाग तांबं. वॉलनी दरवर्षीचं आणि दर टांकसाळीचं एकेक निकेल जमवायला घेतलं, ते नंतर पोलाद कारखान्यात क्रेन चालवतानाही सोडलं नाही. युद्धातली नाणीही त्यात होती. तेव्हा निकेल धातू लढाईला हवा होता म्हणून नाण्यात चांदी घातली होती.

सगळी भोकं भरलेली होती. फक्त एक नव्हतं. १९५०, खाली बारीक D. म्हणजे डेन्व्हरच्या टांकसाळीचं.

"हे आहे आपल्याकडे," मी उत्साहाने म्हटलं. दोन होती, अगदी नवीकोरी.

"तशी त्याला तीनदा दाखवून झाली," डॉट म्हणाल्या. "घेत नाही. म्हणतो, याने एक दिवस काम केलेलं नाही, याला मी कशाला घरात घेऊ?"

यातली गोम लेननी मला मागाहून सांगितली. त्या वर्षी डेन्व्हरला ही नाणी फार थोडी पाडली गेली. ते लोकांना लगेच कळलं आणि त्यांनी बँकेतून गुंडाळ्याच्या गुंडाळ्या नेऊन कपाटात ठेवल्या. त्यामुळे नवंकोरं १९५० D शोधलं की मिळतं. हातोहाती फिरून झिजलेलं मात्र मिळत नाही, कारण ते फिरूच दिलं नाही कोणी. आणि वॉलना तेच हवं होतं. सतरा वर्षं ते एकच भोक रिकामं होतं.

"आता मलाच घाई आहे," डॉट म्हणाल्या. वॉल वर्षभरापासून वृद्धांच्या केअर होममध्ये होते; पुस्तक डॉटनी तिथून दुपारपुरतं मागून आणलं होतं. त्यांची आठवण जात चालली होती. डॉटना ते कधी ओळखायचे, कधी बहीण समजायचे. "पण हे पुस्तक ओळखतो अजून. अंगठा फिरवत ओळी मोजतो, त्या भोकापाशी थांबतो. तो हे विसरायच्या आत मला ते भरायचंय. मग विसरला तरी चालेल."

लेननी परदेशी नाणी किलोवर घेऊन ठेवलेली होती, कित्येक वर्षांची, कोणी न निवडलेली. त्यांनी ती आइस्क्रीमच्या डब्यांत भरली आणि गाडीने येऊन माझ्या दारात ठेवली. मी ऑनलाइन लेक्चर संपलं की दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड पसरून बसायची. निकेल आधी उलटं करायचं. घराच्या उजव्या बाजूला D आहे का बघायचं. असेल तर सुलटं करून साल बघायचं. एकोणचाळीसचं D सापडलं, तेही दुर्मिळच, पण ते वॉलकडे होतं. D दिसला की मी नाणं घाईने सुलटं करायची. त्रेपन्न. चोपन्न. अठ्ठावन्न. पुन्हा अठ्ठावन्न.

माझी घरसोबतीण शेरॉन वसईची, केअर होममध्ये कामाला. घरी आली की मास्कच्या वळांनी तिचे गाल लाल झालेले असायचे.

"काय गं, आज किती भाजी निवडलीस?" ती विचारायची.

एकदा मी तिला कोणासाठी चाललंय ते सांगितलं. ती पाणी पिता पिता थांबली.

"वॉल? जहाजावरचा? अगं बाई, तो माझ्याच विंगला आहे! रोज ते निळं पुस्तक मांडीवर लागतं त्याला. नाहीतर जेवत नाही."

त्यानंतर ती चहा घेऊन माझ्यासमोर बसायला लागली आणि मला न विचारता नाणी उलटी करू लागली.

सापडलं ते पाचव्या डब्यात. D. सुलटं केलं, तर १९५०. नाणं करड्या तपकिरी रंगाचं, मळकट. घराच्या पायऱ्या पूर्ण पुसलेल्या, कडा बोथट. शेरॉन म्हणाली, "याने काम केलंय." मी लेनना फोन केला. ते खोकत खोकत हसले. डॉटना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "शुक्रवारी मला खिडकीतून भेटायची वेळ मिळाली आहे." तेव्हा आत जायला मनाई होती. नातेवाईक बाहेर उभे राहायचे, आत माणूस खुर्चीत, मध्ये काच.

त्यानंतर मी जे केलं ते इथे लिहायला अजून संकोच वाटतो.

मी नाणं धुतलं.

लेनची तिसरी गोष्ट मला पाठ होती. पण मी मनाशी म्हटलं, ती विकायच्या नाण्यांसाठी. हे एका आजारी माणसाकडे चाललंय, तेही अशा दिवसांत. किती हातांतून आलं असेल कोणास ठाऊक. आणि खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. मला ते सुंदर करून द्यायचं होतं. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानांतून लॉकडाऊनच्या आधी आणलेल्या चिंचेचा शेवटचा गोळा आमटीसाठी राखून ठेवला होता. तो भिजवला, मीठ घातलं, वडील शिकवायचे तसं गोलगोल चोळलं, मग भांड्यांच्या पावडरीने घासलं. नाणं चमकायला लागलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या दारात लेन अंतर ठेवून उभे होते. मी कापड उघडलं. त्यांनी वाकून बघितलं आणि सरळ झाले.

"धुतलंस."

"हो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "त्याच्यावरचा तो करडा रंग म्हणजे घाण नव्हती, ज्यो. साठ-सत्तर वर्षांचे हात होते. आता हे नवंही नाही आणि जुनंही नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरं नाहीये आपल्याकडे. डॉटला तू सांग. मी सांगणार नाही."

घरी आल्यावर मी वडिलांना फोन केला. आधी त्यांना चूकच कळेना. "काळं होतं, धुतलंस. मग?" मी पुन्हा समजावलं. मग त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. एका बाईचा तांब्या पॉलिशला आला होता. त्यावर तिच्या आईचं नाव घातलेलं होतं, जुनं, फिकट. बफ मारता मारता ते नाव गेलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सांगितलं तिला. परत घालून देतो म्हटलं. ती म्हणाली, नको, ते अक्षर आता कुठून येणार." मग ते म्हणाले, "न सांगता दिला असता तर घरी गेल्यावरच कळलं असतं तिला. पण ती खुशीने घेऊन चाललेली मला बघवली नसती."

मी डॉटना फोन केला. सगळं सांगितलं, चिंचेसकट.

"त्याला कळेल का?" त्यांनी विचारलं.

"लेन म्हणतात, कळेल."

"लेनला काय कळतंय," त्या म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. मग म्हणाल्या, "शुक्रवारी तूही ये. शिव्या पडल्या तर मी एकटीने का खाऊ?"

शुक्रवारी आम्ही खिडकीबाहेरच्या गवतावर अंतर ठेवून उभ्या राहिलो. आत शेरॉन, मास्क, गाउन, हातमोजे, ओळखू येत होती ती फक्त डोळ्यांवरून. तिने वॉलच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. नाणं मी तिच्याबरोबरच पाठवलं होतं, ते भोक तिने आधीच भरलं होतं. वॉल मोठ्या हाडाचे, पण खुर्चीत बसून जागा उरेल इतके आटलेले. शेरॉनने फोन त्यांच्या कानाशी धरला होता. डॉटच्या हातातल्या फोनचा स्पीकर चालू होता.

"वॉल, बघ तरी," डॉट म्हणाल्या.

त्यांचा अंगठा पहिल्या ओळीवरून निघाला. शेरॉनने सांगितलं होतं, गेले आठ दिवस ते एक शब्द नीट बोलले नव्हते. अंगठा दुसऱ्या ओळीवर आला, सरकला आणि थांबला. पुढे गेला, परत आला. त्यांनी पुस्तक उचलून उजेडाकडे धरलं.

"हे कोणी धुतलं?"

आवाज खरखरीत, पण स्पष्ट. क्रेनवरून खालच्या माणसाला दरडावल्यासारखा.

डॉटनी तोंडावर हात ठेवला. "ज्योने," त्या म्हणाल्या आणि मला बोटाने काचेकडे ढकलल्यासारखं केलं.

"कोण ज्यो?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. "सॉरी," मी फोनमध्ये म्हटलं. "आमच्याकडे आजारी माणसाकडे काळवंडलेली वस्तू पाठवत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विचार करत होते की विसरले होते, मला कळेना. मग त्यांनी नखाने ते नाणं भोकातून उचकटायला सुरुवात केली. शेरॉन मदतीला वाकली, तिचा हात त्यांनी बाजूला केला. नाणं सुटलं. तळहातावर घेऊन त्यांनी ते अंगठ्याने दोनदा चोळलं आणि पायजम्याच्या खिशात टाकलं.

"याला परत कामावर जावं लागेल," ते म्हणाले.

"सतरा वर्षं शोधलं," डॉट ओरडल्या, "आणि आता परत भोक?"

"मग काय, बिनकामाचं ठेवू?" वॉल म्हणाले. आणि काचेतून सरळ बघत म्हणाले, "तू केस कापलेस, डॉट."

त्यांनी स्वतःच कापले होते, लॉकडाऊनमध्ये, वेडेवाकडे. त्या दिवशी परत जाताना त्या गाडीत बसल्या आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

पुढच्या बातम्या शेरॉन आणायची. "आज दिवसभर चोळत होता." "आज पाडलं. मी तो प्लॅस्टिकचा गाउन घालून पलंगाखाली घुसले तुझ्या नाण्यासाठी." एकदा ते पायजम्यासोबत लाँड्रीत गेलं आणि पुन्हा लखलखीत होऊन आलं. "परत आंघोळ! माझ्यावर ओरडला, म्हणाला, तू पण त्या ज्योचीच मैत्रीण." पुढे आत जायला परवानगी मिळाली, डॉट शेजारी बसायला लागल्या. ते बोलायचे कधी आणि कधी नाही. उन्हाळ्यात ते गेले. भोक रिकामंच होतं.

डॉट नंतर दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं, पुस्तक पुरं करायला आल्या. मी कापड पसरलं. त्यांनी कार्डिगनच्या खिशातून नाणं काढलं, मला लांबूनच दाखवलं आणि परत ठेवलं, किल्ल्यांच्या शेजारी. "त्याचं अर्धवट राहिलंय," त्या म्हणाल्या. "मी करते." पुस्तक त्यांनी आणलंच नव्हतं. त्यानंतर त्या महिन्यातून एकदा यायच्या, काही न घेता. लेन त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायचे.

मला कॅनबेराची नोकरी मिळाली तेव्हा शेवटच्या दिवशी डॉट आल्या. नाणं काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "तू जायच्या आधी बघून सांग. झालं का? आता बसवू का भोकात?"

मी कडेने धरलं, भिंग लावलं. करडा रंग सगळीकडे बसला होता. अक्षरांच्या कडांतसुद्धा. माझी चिंच कुठेही दिसत नव्हती. झालं होतं.

मी मान वर केली. डॉट कार्डिगनचा खिसा हाताने चाचपत उभ्या होत्या. तो रिकामा होता आणि हाताला ते माहीत नव्हतं.

"अजून थोडं राहिलंय," मी म्हटलं. "अक्षरांच्या कडेला."

लेननी माझ्या हातातून भिंग घेतलं. अडीच वर्षांत त्यांना कोणत्याही गिऱ्हाइकाला नाण्याबद्दल चुकीचं सांगताना मी ऐकलं नव्हतं. त्यांनी नाणं उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"बरोबर सांगतेय ती," ते म्हणाले. "घाई करू नकोस, डॉट."

"मला वाटलंच होतं," डॉट म्हणाल्या आणि नाणं उचलून त्यांनी खिशात टाकलं.